आधी हात पाहावेत

आमच्या गावाच्या शिवेवर, पैनगंगेकडे उतरणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी एक जुना निंब आहे आणि त्याच्या बुंध्याशी काळ्या दगडाची एक उभी मूर्ती आहे. मूर्तीला चार हात होते. चारही कोपराखाली तुटलेले आहेत. गाव तिला मरीमाय म्हणते, आषाढात नैवेद्य दाखवते, हिरव्या बांगड्या वाहते. शेंदराची पुटे इतकी चढली आहेत की नाकडोळे आता बोटांनी चाचपूनच कळतात. डोक्यावरचा उंच किरीट आणि मांडीवरून लोंबणाऱ्या वनमालेचा उरलेला तुकडा पाहून ही मूळची विष्णूची मूर्ती असावी असे मला वाटते, पण तसे मी गावात कधी बोललो नाही. लहानपणी मायला विचारले होते, की हा देव आहे की देवी. ती म्हणाली होती, "हात राह्यले असते तं ओयख पटली असती, बापू. आता गाव म्हणीन तेच तिचं नाव."

शाळेत इतिहास शिकवण्याच्या निमित्ताने मी गेली वीस वर्षे ग्रीक आणि रोमन शिल्पांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. बहुतेक शिल्पे मी चित्रांतच पाहिली. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन पाहायला मुद्दाम गेलो, तेव्हा त्या संगमरवरासमोर प्रथमच प्रत्यक्ष उभा राहिलो. तेथे फिरताना मायचे ते वाक्य सारखे आठवत होते, कारण त्या शिल्पांतील प्रतीके वाचण्याची सुरुवात नेमकी तेथूनच होते. चेहरा फारसे सांगत नाही. हातात काय आहे, हात कोठे आहे आणि तो कशाला टेकला आहे, हे आधी पाहावे लागते.

आपल्याला ही रीत नवी नाही. खराटा आणि गाडगे दिसले की गाडगेबाबा, खंजिरी दिसली की तुकडोजी महाराज, चिलीम दिसली की शेगावचे गजानन महाराज, हे पहिलीतले पोरही सांगते. हातात ग्रंथ आणि पुढे केलेले बोट असलेला निळ्या कोटातला पुतळा कोणाचा, हे विदर्भातल्या कोणत्याही गावात विचारावे लागत नाही. विठ्ठलाच्या हातांत तर शस्त्र नाही. ते कटेवर आहेत, आणि तेवढ्यावरूनच तो कळतो. मूर्तिशास्त्रात हे फार काटेकोर आहे. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चारच आयुधे चार हातांत कोणत्या क्रमाने आली यावरून विष्णूची केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावे ठरतात. तीर्थंकरांच्या मूर्ती एकसारख्या दिसतात. बैठकीवर कोरलेल्या लांछनावरून ऋषभनाथ कोण आणि महावीर कोण हे समजते. ग्रीक शिल्पकारही असाच चिन्हांवर विसंबून काम करीत होता, आणि त्याच्यासमोरच्या माणसाला ती चिन्हे आपल्या पोराला गाडगेबाबांचा खराटा जितका माहीत असतो तितकीच माहीत होती.

हात रिकामा राहिला की काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात उभे आहे. आर्टेमिसियनच्या भूशिराजवळ समुद्राच्या तळाशी एक कांस्यमूर्ती सापडली. १९२६ मध्ये तिचा एक हात वर आला आणि १९२८ मध्ये उरलेली मूर्ती. इ.स.पू. ४६० च्या सुमारास घडवलेला हा २.०९ मीटर उंचीचा दाढीधारी देव डावा हात पुढे ताणून आणि उजवा मागे नेऊन काहीतरी फेकण्याच्या बेतात आहे, पण जे फेकायचे तेच हरवले आहे. ते वज्र असेल तर हा देवांचा राजा झ्यूस, आणि त्रिशूळ असेल तर समुद्रदेव पोसायडन. आपल्या डोळ्यांना वज्र म्हटले की इंद्र आणि त्रिशूळ म्हटले की महादेव आठवतो. तेथे त्रिशूळ हे समुद्राच्या देवाचे, मासे भोसकणाऱ्या कोळ्याच्या हत्याराशी नाते सांगणारे शस्त्र आहे. बहुतेक अभ्यासक या मूर्तीला झ्यूस मानतात आणि त्यांचा एक मुद्दा मला फार पटतो: लांब दांड्याचा त्रिशूळ त्या हातात दिला तर तो चेहऱ्यावरून आडवा जाईल, आणि इतका देखणा चेहरा घडवणारा कारागीर तो झाकणार नाही.

असाच दुसरा हात ग्रीक पुराणकथांतला महाबली वीर हेराक्लीस याचा; त्या शिल्पाला फार्नीज हेराक्लीस म्हणतात. लिसिपस या ग्रीक शिल्पकाराने इ.स.पू. चौथ्या शतकात घडवलेल्या मूर्तीवरून ग्लायकॉन नावाच्या अथेन्सच्या शिल्पकाराने हे प्रचंड संगमरवरी शिल्प केले. रोममधील सम्राट कॅराकलाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत ते १५४६ मध्ये सापडले आणि आज नेपल्सला आहे. समोरून पाहिले तर तीन मीटरहून उंच असा एक पिळदार देहाचा माणूस दिसतो. त्याने काखेखाली लाकडी सोटा टेकला आहे, सोट्यावर सिंहाचे कातडे टाकले आहे आणि मान खाली घातली आहे. सोटा आणि कातडे यांवरून हा हेराक्लीस, एवढे कळते. पण जगातला सर्वांत बलवान पुरुष असा गळून का गेला आहे, हे समोरून कळत नाही. शिल्पाला वळसा घालून मागे गेल्यावर त्याचा उजवा हात पाठीमागे दिसतो आणि त्या हातात हेस्पेरिडिस या अप्सरांच्या बागेतली सफरचंदे असतात. ती आणणे हे त्याच्या शेवटच्या पराक्रमांपैकी एक होते. अमरत्वाशी नाते असलेले ते फळ त्याच्या मुठीत आहे, आणि शरीर मात्र दिवसभर वखर हाणून बांधावर काठी टेकून उभ्या राहिलेल्या माणसासारखे थकलेले आहे. प्रतीक पाठीमागे ठेवण्याचा हा विचार मला ग्रीक शिल्पातील सर्वांत खोल विचारांपैकी एक वाटतो. देवळाला प्रदक्षिणा घालण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना तो लगेच समजेल.

प्रत्येक गोष्ट प्रतीक मात्र नसते. रोमन काळातील कितीतरी संगमरवरी पुतळ्यांच्या पायाशी झाडाचे खोड कोरलेले असते. सुरुवातीला मी त्यात वनदेवता, आयुष्य, वंशवृक्ष असे काय काय शोधले होते. खरे कारण कारागिरीचे आहे. ग्रीकांच्या मूळ मूर्ती पुष्कळदा कांस्याच्या, आतून पोकळ आणि हलक्या होत्या. त्यांच्या नकला संगमरवरात करताना सगळे वजन दोन घोट्यांवर येई आणि ते तुटत, म्हणून पायाला लागून खोड ठेवले जाई. पण हाच टेकू कुशल माणसाच्या हाती पडला की तोही बोलू लागतो.

रोमजवळ प्रिमा पोर्टा येथे सम्राज्ञी लिव्हियाच्या वाड्यात १८६३ मध्ये सापडलेला, रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचा पुतळा पाहावा. त्याच्या उजव्या पायाशी खोडाऐवजी एक डॉल्फिन आहे आणि त्यावर छोटा क्युपिड बसला आहे. डॉल्फिन समुद्राचा, समुद्रातून प्रेमाची देवी व्हीनस जन्मली, क्युपिड तिचा मुलगा, आणि ऑगस्टसचे ज्युलियस घराणे स्वतःला व्हीनसचे वंशज म्हणवीत असे; म्हणजे पुतळा तोलून धरणारा दगडच त्याचा कुळवृत्तांत सांगतो. उजवा हात सैन्यापुढे भाषण करणाऱ्या सेनापतीसारखा वर आहे, पण अंगावर चिलखत असूनही पाय अनवाणी आहेत, आणि अनवाणी पाय त्या शिल्पपरंपरेत देवांचे व वीरपुरुषांचे असतात. चिलखतावर मधोमध रोमचे पूर्वेकडचे शत्रू असलेल्या पार्थियनांपैकी एक माणूस रोमन सैन्याचे निशाण परत देताना कोरला आहे. इ.स.पू. ५३ मध्ये कॅऱ्हीच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससने गमावलेली ही निशाणे ऑगस्टसने इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटींनी परत मिळवली होती. त्या प्रसंगाच्या वर आकाशदेव आहे, खाली फळांनी भरलेले शिंग घेतलेली भूमाता आहे, आणि एका राजकीय तडजोडीला सगळे विश्व साक्षीला बसवले आहे. ऑगस्टस पंचाहत्तरी ओलांडून वारला, तरी त्याचे पुतळे अखेरपर्यंत तरुणच राहिले. राज्यकर्त्याची प्रतिमा कशी घडवली जाते हे मुलांना शिकवायचे असेल, तर यापेक्षा चांगला धडा माझ्याकडे नाही.

याच ऑगस्टसचा रोममधील व्हिया लाबिकाना या रस्त्याजवळ सापडलेला दुसरा पुतळा डोक्यावरून वस्त्राचा पदर घेतलेला आहे. आपल्याकडे पूजेला बसताना पुरुष डोक्यावर टोपी किंवा दुपट्टा घेतात, त्यामुळे हे चिन्ह आपल्याला आपोआप वाचता येते: तो यज्ञाला उभा आहे. ग्रीक रीतीत मात्र देवाला बळी देताना डोके उघडे असे, म्हणून तो झाकलेला माथा धर्मकार्याबरोबरच 'मी रोमन रीतीने करतो आहे' हेही सांगतो.

आपल्या सवयीने वाचायला गेले की चूकही होते. घराच्या आढ्यावर घुबड बसले तर आमच्या गावात म्हातारी माणसे अस्वस्थ होतात. अथेन्सच्या लोकांना ते त्यांच्या अथीना देवीचे पाखरू होते, त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर तेच होते आणि लढाईआधी ते दिसणे ही विजयाची खूण मानली जाई. सापाबाबत आपण त्यांच्या अधिक जवळ आहोत. नागपंचमीला जमीन न उकरणाऱ्या आणि वारुळाला दूध नेणाऱ्या माणसाला अस्क्लेपियस या वैद्यदेवतेच्या काठीभोवतीचा साप परका वाटू नये: कात टाकणारा, म्हणजे पुन्हा नवा होणारा जीव. रोमने इ.स.पू. २९१ मध्ये साथीच्या काळात ग्रीसमधील एपिडॉरसहून या देवाचा साप नावेतून आणवला अशी कथा आहे, आणि टायबर नदीतील बेटाला दगडी नावेचा आकार देऊन त्यावर कोरलेली देवाची मूर्ती व सर्पकाठी झिजलेल्या अवस्थेत आजही दिसते. आपल्याकडे दवाखान्यांच्या पाट्यांवर पुष्कळदा पंख असलेली दोन सापांची काठी रंगवलेली असते. ती अस्क्लेपियसची नाही. ती हर्मीसची, निरोप्याची आणि व्यापाऱ्यांच्या देवाची आहे, आणि मृतांचे आत्मे पाताळात पोहोचवण्याचे कामही त्याच्याचकडे होते. ही पाटी बदलावी असे मला मनापासून वाटते.

गॉर्गन या ग्रीक राक्षसीच्या मुखाबद्दल थोडक्यात सांगतो. कोर्फू बेटावरील आर्टेमिसच्या देवळाच्या दर्शनी त्रिकोणात, इ.स.पू. ५८० च्या सुमारास, जीभ बाहेर काढलेली मेड्युसा नावाची गॉर्गन मधोमध कोरली आहे आणि वाईटाला दूर ठेवण्यासाठी ती सरळ पाहणाऱ्याकडे डोळे रोखते. आपल्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यावरचे कीर्तिमुख आणि नव्या घराच्या बांधकामावर टांगलेले राक्षसाचे तोंड हेच काम करतात.

डोळ्यांविषयी मात्र थांबून लिहायला हवे. एकदा वर्गात मोबाइलवर एका ग्रीक मूर्तीचे चित्र दाखवत असताना नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, इले बुबुयंच नाहीत. आंधयी हाये का?" मी त्या प्रश्नाचा फार दिवस विचार केला. त्या मूर्ती आंधळ्या नव्हत्या, त्यांचे डोळे रंगवलेले होते. केस, ओठ, वस्त्रांचे काठ, सगळे रंगवलेले होते. मातीत आणि उन्हापावसात रंग गेला आणि पांढरा दगड राहिला, आणि पुढच्या युगांनी त्या पांढरेपणालाच शुद्धतेचे प्रतीक ठरवले. जर्मनीच्या व्हिन्झेन्झ ब्रिंकमन यांनी रंगांचे उरलेले सूक्ष्म अंश तपासून अशा मूर्तींच्या रंगीत प्रतिकृती केल्या, तेव्हा पुष्कळांना त्या भडक वाटल्या. शेंदूर लावलेला मारुती आणि ऑइलपेंट दिलेली देवळे पाहत वाढलेल्या मला त्या ओळखीच्या वाटल्या. कांस्यमूर्तींना तर डोळे वेगळे घडवून बसवीत. डेल्फी येथे सापडलेल्या सारथ्याच्या कांस्यमूर्तीचे बसवलेले डोळे आणि तांब्याच्या पापण्या आजही शाबूत आहेत. निंबाखालच्या आमच्या मरीमायला चांदीचे डोळे बसवले आहेत. नवस फेडताना कोणीतरी वाहिलेले. रोमन शिल्पकार साधारण सम्राट हेड्रियनच्या काळापासून, इ.स. १३० च्या सुमारास, बुबुळे दगडातच कोरू लागले, त्यामुळे बुबुळ कोरलेले आहे की नाही यावरून एखाद्या रोमन शिरशिल्पाचा काळ सांगायला मदत होते.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे असे म्हणणाऱ्यांना मी भोकरदनची गोष्ट सांगतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातले हे गाव सातवाहन काळात मोठे नगर होते आणि तेथे हस्तिदंती कोरीवकाम होत असे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात १९३८ मध्ये अंगभर दागिने ल्यालेल्या भारतीय स्त्रीची सुमारे २४ सेंटिमीटरची हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी जुळणाऱ्या मूर्तीचा अवशेष मिळाल्याने ती याच भागातून गेली असावी असे काही अभ्यासक मानतात. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात. पण ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असे अनेकांचे मत आहे. उलट दिशेने पोसायडनची एक लहान कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोहोचली आणि १९४० च्या दशकातल्या उत्खननात सापडली. ती विकत घेणाऱ्या कोल्हापूरच्या माणसाने तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हा विचार मला मरीमायजवळ बसलो की हमखास येतो.

आता थडग्यांवरच्या शिल्पांकडे येतो, कारण माझे मन खरे तेथे गुंतले आहे.

अथेन्सच्या केरामेइकोस या स्मशानभूमीत हेगेसो नावाच्या स्त्रीचा शिल्पपट होता, काळ इ.स.पू. ४१० ते ४००. ती खुर्चीवर बसली आहे, समोर दासी उघडी पेटी घेऊन उभी आहे आणि हेगेसोच्या उजव्या हाताची बोटे काहीतरी अलगद उचलून धरल्यासारखी जुळली आहेत. त्या बोटांत आज काहीच नाही. तेथे एक दागिना होता; तो कोरलेला नव्हता, फक्त रंगवलेला होता, आणि रंगाबरोबर तो गेला. एका मृत स्त्रीच्या चिमटीत आता नुसती हवा उरली आहे आणि ती त्या हवेकडे पाहते आहे. हे शिल्पकाराच्या मनात नव्हते, काळाने केले. तरी त्या चित्रापुढे मी प्रत्येक वेळी थबकतो. ती कशाने मेली हे शिल्प सांगत नाही. रोज सकाळी होणारी एक साधी गोष्ट ते दाखवते, आणि वर नाव कोरलेले आहे: हेगेसो, प्रोक्सेनोसची मुलगी.

आमच्या शाळेमागे एक सतीशिळा आहे. खांबातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला हात, उघडा तळवा, मनगटात बांगड्या, वर चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेतो ही कीर्ती राहील, आणि पती गेला तरी हिचे सौभाग्य गेले नाही, असे तो दगड म्हणतो. शेजारी वीरगळ आहे: खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि गाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर पिंडीपुढे हात जोडलेला तोच वीर. तीन चौकटींत मरणापासून कैलासापर्यंतचा प्रवास पुरा होतो आणि अक्षर न येणाऱ्यालाही तो वाचता येतो. वीरगळापुढे मी आदराने उभा राहतो. त्या बांगड्या भरलेल्या हातापुढे मात्र मला नीट उभे राहता येत नाही, कारण तो हात जळालेल्या एका बाईचा आहे आणि तिचे नावही कोणी लिहिले नाही.

ग्रीकांनी लग्नाआधी गेलेल्या तरुणांच्या थडग्यावर उंच मानेचे एक दगडी भांडे ठेवले. त्याला लुट्रोफोरोस म्हणत. लग्नाच्या आंघोळीचे पाणी आणण्याचे ते भांडे. आपल्याकडे हळद लागल्यावर चार कोपऱ्यांना तांबे मांडून, सुताचे वेढे देऊन नवरदेव-नवरीला न्हाऊ घालतात. ज्याच्यासाठी ते तांबे कधी मांडलेच गेले नाहीत, त्याच्या थडग्यावर तेच दगडात मांडणे, याहून अधिक बोलणारे प्रतीक मी पाहिलेले नाही. ही थडगी इतकी खर्चिक झाली की डिमीट्रियस या अथेन्सच्या शासकाने इ.स.पू. ३१७ च्या सुमारास ती उभारण्यावर बंदी घातली आणि तेथील ही कला थांबली.

गेल्या दिवाळीत मी मायला अँफारेतीचा शिल्पपट दाखवला. तोही केरामेइकोसचाच, इ.स.पू. ४१० च्या सुमाराचा. खुर्चीवर बसलेली स्त्री, कुशीत वस्त्रात गुंडाळलेले तान्हे बाळ, आणि दुसऱ्या हातात एक छोटे पाखरू. मी काहीच सांगितले नाही. मायने चष्मा पुसून फोन जवळ धरला.

"पाखरू दाखवून राह्यली पोराले," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "लेकीचं असन पोरगं."

शिल्पपटावर कोरलेल्या ओळींचा अर्थ तेव्हा मी तिला सांगितला: हे माझ्या लेकीचे लाडके लेकरू. आम्ही दोघे जिवंत असताना, सूर्याचा उजेड पाहत असताना, मी याला मांडीवर घेत असे. आता मी मेले आहे आणि हेही मेले आहे, तरी मी याला धरून आहे.

"बाईचं नाव लिवलं?"

"लिवलं. अँफारेती."

"आन् लेकीचं?"

"नाही. तिचं नाव दगडावर नाही."

माय बराच वेळ त्या हातातल्या पाखराकडे पाहत राहिली.

"मंग लेक मागं राह्यली असन," ती म्हणाली. "दगड तिनंच उभा केला असन."